सुगंधाबाईनं चोरलेलं बी

पितांबर मास्तरांना शाळेतली मुलं पाठीमागे ‘चोर मास्तर’ म्हणत. मास्तरांनी जन्मात कुणाच्या शेतातला हरभराही उपटला नव्हता, पण इंग्रजीच्या तासाला ते एकदा चोरीच्या शब्दांकडे वळले की घंटा झाली तरी थांबत नसत. आपण सरसकट सगळ्याला चोरी म्हणून मोकळे होतो, पण साहेब या बाबतीत फार चिकित्सक, असं ते सांगत. वस्तू गेली तर स्टील. माणसाला अडवून, धाक दाखवून घेतलं तर रॉब, आणि मग रॉब होतो तो माणूस, वस्तू नव्हे. घर फोडून आत शिरला तर बर्गल. जिनिंगमधला गडी रोज मूठमूठ सरकी धोतराच्या सोग्यात बांधून नेतो ते पिल्फर. आणि ज्याच्या हाती विश्वासानं किल्ली सोपवली त्यानंच गिळलं तर एम्बेझल. एखाद्या पोरानं पेपरात ‘चोरानं सावकाराला स्टील केलं’ असं लिहिलं, तर मास्तर लाल शाईनं समासात विचारत, ‘सावकाराला खांद्यावर टाकून पळाला काय?’

त्रेपन्न सालचा जून होता. शाळा नुकती उघडली होती. रविवारी सकाळी मास्तर धुळ्यातल्या गल्ली नंबर चारमधल्या घरी चहा पीत बसले होते, तेवढ्यात दारात झुंबरबाई येऊन उभी राहिली. झुंबरबाई ही त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पितांबर रांगत होता. अक्कानं त्याला काखोटीला मारलं ते लग्न होऊन पारोळ्याकडच्या सासरी गेली तरी खाली ठेवलं नाही. त्या घरी राहूनच तो मॅट्रिक झाला. एवढं करून तिनं भावाकडे आजवर काही मागितलं नव्हतं. धुळ्याला आली की भरलेली पिशवी आणायची, ती भावजयीच्या, पुष्पाबाईच्या हवाली करायची आणि दुपारच्या यष्टीनं परत फिरायचं, असा तिचा शिरस्ता. आज पिशवी रिकामी होती आणि ती बसायलाही तयार नव्हती.

“पितांबर, कागद काढ,” ती म्हणाली. “इंग्रजीमा अर्ज लिख. सुगंधाले ठाण्यावर बलायेल शे.”

सुगंधाबाई म्हणजे अक्काची धाकटी जाऊ. दोघी एका चुलीवर पंधरा-वीस वर्षं राबल्या. एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं शेकायची, आणि दोघींनी मिळून सासूच्या नकला करायच्या. सुगंधाबाईला मूलबाळ झालं नाही. तिचा नवरा वना तापानं गेला, आणि वर्ष उलटल्यावर तिनं वेगळी चूल मागितली. अक्काचा नवरा झुलाल आबा हा मनानं वाईट माणूस नव्हे, पण ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. त्यानं घरामागच्या बोळापलीकडची एक खोली आणि विहिरीजवळची शेताची एक चिंधोटी तिला पोट भरायला दिली. नाव सातबाऱ्यावर स्वतःचंच ठेवलं आणि घरात बजावलं की सुगंधाशी कुणी बोलायचं नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. अक्का नवऱ्याचा शब्द मोडणारी नव्हती, त्यामुळे दोघी जावा पाण्याला गेल्या तरी एकमेकींच्या घागरींकडे बघून परत यायच्या.

आता त्या सुगंधाबाईवर घरफोडीचा आळ आला होता. चोरलं होतं ते अक्काच्या घरातलं वांग्याचं बी, मूठभर. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बहिणीला आधी बस म्हणाले. मग अक्कानं जे सांगितलं ते त्या घरात लहानाचे मोठे होऊनही मास्तरांना ठाऊक नव्हतं.

ते वांगं सासूच्या माहेरचं. बुडाशी पांढुरकं, वर हिरवं, आणि देठाला असे काटे की तोडणारीनं एकदा तरी ‘आई’ म्हटलंच पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं की त्याची साल एका ओढीत निघते, आणि त्याचं भरीत खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या घरच्या भरिताला नावं ठेवल्याशिवाय राहत नाही. पंचक्रोशीत ते दुसरीकडे कुठे नव्हतं, कारण त्याचं बी कुणाला देता येत नाही. ही बायकांची रीत. बी हातानं दिलं की देणारीच्या घरातली बरकत त्याच्याबरोबर निघून जाते. ज्या बाईला हवं तिनं ते चोरूनच न्यावं. आणि चोरी झाली की मालकिणीनं गल्लीत उभं राहून चोरणारीच्या नावानं पोटभर शिव्या द्याव्यात. शिव्या कमी पडल्या तर रोपाला वांगं धरत नाही. अर्थात चोरी करायची कुणी, हे मालकीण मनाशी आधीच ठरवते. बियाचं गाडगं मागच्या ओट्यावर ठेवते, मोठ्यानं ‘मी विहिरीवर चालले’ म्हणते आणि निघून जाते. अक्कानं स्वतः नवी नवरी असताना असंच चोरलं होतं, आणि सासूनं दिलेल्या शिव्या तिला अजून तोंडपाठ होत्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास अक्कानं सुगंधाबाईला मागच्या बोळातून जाताना पाहिलं. नवऱ्यानं बोलायला बंदी केली होती. गाडगं कुठे ठेवावं याबद्दल त्यानं काही सांगितलं नव्हतं. अक्कानं गाडगं ओट्यावर ठेवलं, विहिरीवर चालले म्हणून ओरडली आणि खरोखरच गेली. परत आली तर गाडग्यावरचं फडकं वेगळ्या गाठीनं बांधलेलं होतं. मग ती बोळात उभी राहिली आणि तिनं सुगंधाबाईच्या सात पिढ्या उद्धरल्या. दोन वर्षांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं. एका दमात सगळं बोलून घेतलं, असं ती भावाला म्हणाली. वना भाऊजी गेल्यापासून जे जे पोटात साठलं होतं, तू मला एकटीला टाकून वेगळी का झालीस इथपासून, ते सगळं त्या शिव्यांमधून बाहेर पडलं. पलीकडे सुगंधाबाई आपल्या दारात बसून ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

इथवर सगळं रीतसर झालं. पण त्याच वेळी अक्काचा मुलगा भटू तालुक्याहून परत येत होता. भटूला नुकतीच पोलीस पाटीलकी मिळाली होती आणि नव्या नवलाईत त्याला गावात गुन्हा सापडत नव्हता. सख्खी आई भर बोळात ‘चोट्टी, घरमा घुसनी’ म्हणून बोंबलतेय, हे त्यानं कानांनी ऐकलं. बायकांच्या रिती त्याला कुठून माहीत असणार? त्यानं कुणाला न विचारता रिपोर्ट लिहिला, घरफोडी म्हणून, आणि वर पाठवून दिला. ठाण्यात धारवाडकडचे नवे फौजदार आले होते. मुंबई राज्यात तेव्हा धारवाडही होतं आणि खानदेशही, त्यामुळे कुठला साहेब कुठे येईल याचा नेम नसे. हिरेमठ साहेबांना मराठी येत नाही, सगळं काम इंग्रजीत चालतं, असं भटूच अभिमानानं सांगत होता. त्यांनी सोमवारी सुगंधाबाईला हजर राहायचं फर्मान काढलं होतं.

यावर मास्तरांना उपाय सोपा वाटला. अक्कानं उभं राहून सांगावं, चोरी झाली नाही, मी बी दिलं. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना आपण पुन्हा रांगायला लागलो असं वाटलं. दिलं म्हटलं की ते दिलेलं झालं! तोंडातून शब्द गेला की बरकत गेली, आणि सुगंधाच्या वाफ्यात आलेली रोपंही वांझ. शिवाय दिलं हे झुलाल आबाच्या कानावर गेलं तर अक्काची धडगत नव्हती. बरं, रीत समजावून सांगावी, तर समोर भटू बसलेला, हवालदार बसलेला. बायकांची गोष्ट चावडीवर गेली की तिच्यात काय उरलं? मग तू मला कशी सांगितलीस, असं मास्तरांनी विचारलं. तू कुठे शेती करतोस, असं ती म्हणाली.

“तिनी चोरं, असंच लिख,” अक्का म्हणाली. “पन अशा शब्द टाक का तिले काही व्हवाले नको. तुन्हा इंग्रजीमा चोरीना इतला शब्द शेतस. एक तं व्हई ना?”

मास्तरांनी दौत-टाक पुढे ओढलं. बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही नेमकं त्यांना जे येत होतं तेच. त्यांना मनातून आनंदच झाला. पण एकेक शब्द हातात घेऊन पाहिला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. बर्गल नको, तो तर भटूनं आधीच लावून ठेवलेला. रॉबला समोरासमोर दांडगाई लागते. अक्काला हे सांगितल्यावर ती क्षणभर विचारात पडली, कारण सुगंधानं दांडगाई केली असती तर दोघींना निदान बोलता तरी आलं असतं. पिल्फर म्हणजे किरकोळ, थोडं थोडं उचलणं, असं मास्तरांनी समजावलं. ते तिला अपमानाचं वाटलं. सासूबाईंचं वांगं किरकोळ? एम्बेझल सांगायला गेले तर ती भडकलीच. विश्वासघात करणारी बाई सुगंधा नव्हे, घर सोडून गेली तेव्हा सासूची पुतळ्यांची माळही तिनं आपण होऊन काढून ठेवली होती. साधा स्टील उरला. त्याला दंडविधानात काय शिक्षा आहे ते मास्तरांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो लिहिला आणि लगेच खोडला.

दुपार टळली. पुष्पाबाईनं दोनदा ताटं वाढून झाकून ठेवली. शेवटी मास्तरांनी टाक खाली ठेवला आणि बहिणीला सरळ सांगितलं की अक्का, मला जमत नाही. साहेबाच्या भाषेत चोराला चोर ठरवायचे शब्द ढीगभर आहेत, पण मालकिणीनं पाठ फिरवून करू दिलेल्या चोरीला एकही नाही. अक्का रागावली असती तर त्यांना परवडलं असतं. तिनं नुसता त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, तू उद्या माझ्याबरोबर ये, तुझ्या अंगावर कोट आहे, कोटाचाही उपयोग होतो.

सोमवारी शाळेला दांडी मारून मास्तर बहिणीबरोबर ठाण्यात गेले. सुगंधाबाई आधीच येऊन भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांनी तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. बाई वाळून निम्मी झाली होती, पण लुगडं स्वच्छ होतं आणि नखांत वाफ्यातली माती होती. तिनं मास्तरांना नमस्कार केला. अक्काकडे पाहिलं नाही, आणि अक्कानंही छताकडे पाहिलं. कोपऱ्यात भटू उभा होता. आपल्या पहिल्याच गुन्ह्यात आपली काकू आरोपी आणि आपली आई फिर्यादी आहे, हे त्याला बहुधा आता कुठे उमगायला लागलं होतं. आईची नजर चुकवता चुकवता त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

हिरेमठ साहेब पोरगेलेसे होते. त्यांनी मास्तरांचा कोट पाहिला, ते इंग्रजीचे मास्तर आहेत हे ऐकलं आणि खूश होऊन त्यांना खुर्ची दिली. दुभाषा आयताच मिळाला होता. त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला, घर फोडलं, आत शिरली, बियाणं नेलं, आणि मास्तरांना इंग्रजीत म्हणाले की या बाईंना विचारा, त्यांचं यावर काय म्हणणं आहे. नाही म्हणत असतील तर मी पंचनामा बघतो. साक्षीदार तर कुणी दिसत नाही.

मास्तरांना एकदम सुटका दिसली. सुगंधाबाईनं नुसतं नाही म्हणायचं होतं. ते तिच्याजवळ गेले, खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले की वहिनी, नाही म्हणा, एवढ्यावर मिटतंय. सुगंधाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच तिनं अक्काकडे पाहिलं. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. नाही म्हटलं की चोरी झालीच नाही, आणि चोरी झाली नाही तर बी दिलेलं ठरतं. हे त्या खोलीत फक्त तिघांना कळत होतं, आणि त्यातल्या एकीलाच तुरुंगाचा धाक होता. सुगंधाबाई उठून उभी राहिली.

“व्हय सायेब,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “मी चोरं. झुंबरअक्काना घरनं चोरं. तिनी माले एक दानाबी दिधा नही.”

हवालदारानं मान वर केली. भटूनं खाली घातली. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं आणि त्या काय म्हणाल्या, असं विचारलं.

आता मास्तरांचं काय झालं ते सांगायला हवं. त्यांनी उभ्या आयुष्यात मुलांचे मार्क कापले ते एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घुसवला म्हणूनच. स्टीलच्या जागी रॉब लिहिणाऱ्या पोराला त्यांनी कधी अर्धा मार्कही सोडला नव्हता. आणि इथे समोर एक बाई, जिच्या नावावर घरदार नाही, शेत नाही, मूल नाही, ती थोरल्या जावेच्या घरची बरकत राखायला स्वतःहून तुरुंगात चालली होती. मास्तरांचे डोळे भरून आले. कालपासून ते हवा तो शब्द चोरीच्या यादीतच शोधत होते. तो तिथे नव्हताच.

“सर,” ते म्हणाले, “शी सेज शी हॅज इनहेरिटेड इट. फ्रॉम हर मदर-इन-लॉ.”

साहेबांनी भुवया उंचावल्या. मग फिर्यादी बाईंना काय सांगायचं आहे ते विचारा, असं म्हणाले. अक्काला विचारण्याची गरज पडली नाही. साहेबांनी आपल्याकडे पाहिलंय एवढ्यावर तिनं पदर खोचला आणि सुगंधाबाईकडे हात करून सुरुवात केली. चोट्टी, घरबुडवी, तुझ्या हाताला किडे पडोत, तुझ्या वाफ्यात गाढवं लोळोत. आवाज चढत गेला तसे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि सुगंधाबाई मान खाली घालून, ओठ दाबून, एकेक शिवी अशी घेत होती की देवळात तीर्थ घ्यावं. हवालदार मध्ये पडायला उठला, त्याला साहेबांनी हातानं बसवलं.

अक्काचा दम संपल्यावर साहेबांनी रिपोर्टवर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि कागद मिटला. घरगुती बाब, दखलपात्र नाही. मग ते मास्तरांकडे वळले आणि सावकाश, अडखळत, पण मराठीत म्हणाले, “मास्तर, मला मराठी बोलता येत नाही. ऐकता येतं. तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे. भाषांतर मात्र साफ चुकलं.”

मास्तरांनी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा आपल्या वाट्याला शून्य मार्क आले, आणि ते कमावलेले आहेत, असं त्यांना वाटलं. साहेब हसले आणि त्यांनी पुढचं प्रकरण बोलावलं.

बाहेर ऊन तापलं होतं. भटू बैलगाडी जुंपायच्या निमित्तानं आधीच पसार झाला होता. ठाण्याच्या पायऱ्यांवर सुगंधाबाई थांबली. अक्का चार पायऱ्या खाली उतरून दुसरीकडे तोंड करून उभी होती, कारण नवऱ्याचा शब्द अजून शिल्लक होता. सुगंधाबाईनं मास्तरांना विचारलं, भाऊ, मी चोरलं म्हटलं, तरी साहेबांनी सोडलं. तुम्ही त्यांना माझ्या नावानं काय सांगितलं?

मास्तर थोडे ओशाळले. शब्द समजावून सांगायचा म्हणजे त्यांना एरवी केवढा उत्साह. आज त्यांनी एका वाक्यात आटपलं, की हे बी तुम्हाला सासूबाईंकडून वारशानं आलं, असं सांगितलं.

वारस हा शब्द सुगंधाबाईला चांगला माहीत होता. वना गेल्यावर तलाठी घरी आला होता, ओट्यावर बसून त्यानं वारस लिहिले होते. आधी झुलालचं नाव, त्याच्या मागे भटूचं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि तिचं नाव येतं का याची वाट तिनं शेवटपर्यंत पाहिली होती. हे तिनं मास्तरांना तिथे पायरीवर, जमिनीकडे बघत, अगदी साध्या आवाजात सांगितलं.

“माले वारस म्हने तुमी?” तिनं विचारलं. “सायेबना समोर?”

मास्तरांनी हो म्हटलं. तशी ती पायरीवर खालीच बसली, पदर तोंडाला लावला आणि हुंदके द्यायला लागली. वना गेला तेव्हाही ती लोकांदेखत अशी रडली नव्हती. येणारे-जाणारे बघायला लागले. मास्तरांना काय करावं सुचेना.

अक्का वळली. त्या चार पायऱ्या चढून ती वर आली, इकडे-तिकडे कोण बघतंय याची तिनं पर्वा केली नाही, आणि धाकट्या जावेला खेटून बसली. तिच्या पाठीवर हात ठेवून तिनं तो तसाच राहू दिला.

“वारस व्हशी तू सायेबना ठाण्यामा,” ती म्हणाली. “मन्हाकरता चोट्टी शे, नि चोट्टीच ऱ्हाशी.”

पदराआडून सुगंधाबाई दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

“व्हय, अक्का,” ती म्हणाली.